औषध न लागणारा माणूस

आमच्या मेंढपाळ लोकांत माणसांचे दोनच प्रकार मानतात. औषध लागणारे आणि औषध न लागणारे. काळा-गोरा, शिकलेला-अडाणी, या पक्षाचा की त्या पक्षाचा, ही सगळी नंतरची भानगड. औषध म्हणजे तापाचं नव्हे, गोचिडाचं; आणि लागणं म्हणजे बाधणं. मेंढरं कातरून झाली की त्यांच्या उघड्या कातडीवर गोचीड आणि उवा अशा काही तुटून पडतात की मेंढरू रात्रभर वाघरीला, म्हणजे कळपाभोवतीच्या जाळीला, अंग घासत बसतं. मग एक दिवस ठरवून सगळा कळप औषधात बुडवायचा.

सरकारी कागदात यासाठी सिमेंटचा हौद वगैरे असतो म्हणे. आमच्याकडे कमरेएवढा खड्डा. त्यात जाड काळा प्लास्टिकचा कागद, कागदात टँकरचं पाणी आणि पाण्यात दुकानातून आणलेली बाटली. बाटलीवर कवटी छापलेली असते, पण ती आमच्यातल्या कुणी मनावर घेतलेली मी पाहिली नाही. बूच उघडलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं. मग एका माणसाने उघड्या अंगाने खड्ड्यात उतरायचं. वरून दोघं एकेक मेंढरू लोटतात. खालच्याने ते धरायचं, मानेपर्यंत बुडवायचं, डोकं एकदाच पाण्याखाली घालून काढायचं आणि दुसऱ्या बाजूने वर ढकलायचं. मेंढरू वर गेलं की अंग झाडतं आणि ते सगळं खालच्याच्या तोंडावर येतं.

आता हा खालचा माणूस कोण, हा प्रश्न. ज्याला औषध लागतं त्याचं काम नाही ते. माझंच बघा. मी जन्मजात लागणारा. बाटलीचं बूच तलवाड्यात उघडलं तर मला गेवराईत शिंका यायच्या. एकदा वडिलांनी हौसेने उतरवलं, तर तिसऱ्या मेंढराला माझ्या नाकाडोळ्यातून कपिलधारच्या धबधब्यासारखं पाणी सुरू झालं, जीभ जड झाली आणि मी मेंढराऐवजी वडिलांचं धोतर धरून त्यांनाच बुडवायला निघालो. त्या दिवशी घरात ठरलं की हे पोरगं मेंढक्याच्या कामाचं नाही, याला शाळेत घाला. मी हुशार होतो म्हणून शिकलो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मला गोचिडाच्या औषधाने शिकवलं.

आणि दादा. माझा थोरला भाऊ. देवाने त्याला घडवताना माती पाण्यात न मळता बहुतेक त्या पांढऱ्या औषधातच मळली असावी. सकाळी उतरायचा, कळप संपेपर्यंत वर यायचा नाही. अंगाला कागद नाही, हाताला मोजे नाहीत, तोंडाला फडकं नाही. मधेच कुणी चहा दिला तर त्याच ओल्या हाताने कप धरायचा आणि कपात पडलेला थेंब बोटाने काढून पुढचा चहा प्यायचा. दुपारी बाहेर येऊन हात धोतराला पुसून भाकरी कुस्करायचा. डोळा लाल नाही की डोकं गरगरलं नाही. एकदा त्याला चावलेला डास जागच्या जागी उलटा पडला, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. पडला नसेल तर बसला तरी असेल.

त्यामुळे दादाचा मान मोठा होता. गेवराईपासून माजलगावच्या उसापर्यंत जिथे जिथे आमच्या लोकांची बिऱ्हाडं उतरत, तिथून त्याला बोलावणं यायचं. बुडवणीच्या दिवशी पहिला फेटा त्याला, पहिलं ताट त्याला, मटणातली नळी त्याच्या ताटात. सोयरीक बघताना आमच्यात मुलीचा बाप हळूच विचारतो, "पोराला लागतं का?" दादाच्या लग्नात ते विचारलंच नाही कुणी. वहिनीच्या वडिलांनी त्याला खड्ड्यात उभा पाहिला होता, तिथेच सुपारी फोडली.

वहिनीच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे दादाचा साडू, माझ्यासारखाच लागणारा निघाला. पण मी शाळेत सुटलो, त्याला सुटका नव्हती. तो कळपावरच राहिला आणि बुडवणीच्या दिवशी लांब वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा राहून मेंढरं हाकायचा. सगळे त्याला हसायचे. दादा सगळ्यात जास्त. "पाव्हणं, लांब व्हा बे! वास आला तर तुमचं बाळंतपण आमाला करावं लागंल." पाव्हणं दात काढून हसायचे, पण ते दात आतून आवळलेले असायचे.

मी शिकून शिकून जिथे पोचलो ती जागा म्हणजे बीडमधली एक रक्त-लघवी तपासायची लॅब. लोकांच्या दंडाला रबर बांधायचा, शीर शोधायची, रक्त काढायचं, रक्ताची नळी यंत्रात फिरवायची. फिरून आलेल्या नळीत वर जे पिवळं पाणी राहतं त्यात माणसाची सगळी चोरी असते. लग्नाच्या हंगामात काही काही माणसांचं ते पाणी दुधासारखं पांढरं निघतं, इतकी चरबी. मी ते बघतो आणि मला खड्ड्यातलं पाणी आठवतं.

दोन-अडीच वर्षांमागची गोष्ट. दादा काही कामाने बीडला आला आणि लॅबमध्ये येऊन बसला. बसला म्हणजे काय, अंगावर घोंगडं, पायात जाड वहाणा, तोंडात न पेटवलेली बिडी. बाकीचे पेशंट आपोआप सरकून बसले. म्हणाला, "बारक्या, माझं बी बघ की कोलेस्टेरॉल. समद्यांचं बघतो, भावाचं कावून न्हाई?" मी रक्त काढलं. त्याची शीर दोरखंडासारखी होती, आंधळ्यालाही सापडली असती.

आमच्या लॅबच्या मालकीण एक डॉक्टरीणबाई. तोंडाने फटकळ, हाताने मऊ. त्यांनी रिपोर्ट पाहिला. चांगलं कोलेस्टेरॉल झकास होतं, वाईट थोडं वर. दादाने फक्त पहिलं वाक्य ऐकलं.

"म्हंजे आपण पास?"

"पास-नापास काही नसतं," बाई म्हणाल्या. "बिडी किती ओढता?"

"मोजत न्हाई. मोजलं की वाढत्यात."

मी मधेच त्याच्या औषधाची कीर्ती सांगितली, जरा मीठमसाला लावून. बाईंनी हातातलं काम ठेवलं. खुर्ची वळवून त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यानंतर कित्येकदा मनात घोळवलंय.

त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या बाटलीतलं औषध अंगात गेलं की लिव्हरमध्ये आणखी जहाल होतं. ते तोडायला रक्तात एक एन्झाइम असतं. पॅराऑक्सोनेज. ते रक्तात एकटं हिंडत नाही. चांगल्या कोलेस्टेरॉलचे जे कण असतात ना, त्यांच्यावर बसून फिरतं. गाडीवर राखणदार बसावा तसं."

"राखण्या," दादा म्हणाला. शेतावरच्या राखण करणाऱ्याला आमच्याकडे हाच शब्द.

"हां, राखण्या. कुणाच्या रक्तात जन्मतःच तगडा, कुणाच्या लेचापेचा. तुमचा तगडा असेल, तुमच्या भावाचा मरतुकडा. असेल म्हणतेय मी, बघितलेला नाही. पण त्याला दुसरंही काम आहे. डब्यातलं तूप खवट होतं ना, तशी वाईट कोलेस्टेरॉलची चरबी रक्तात खवट होते. खवट झालेली चरबी हृदयाच्या नळीच्या भिंतीत शिरून बसते आणि तिथे सूज, गाठ, मग अडथळा. हा राखण्या ती खवट होऊ देत नाही, असं मानतात. त्या वाईटाच्या गाडीवर आणखी एक दुसरंच एन्झाइम बसलेलं असतं, त्याचं नातं सुजेशी लावतात. म्हणजे एकाच रस्त्यावर राखणारे आणि आग लावणारे दोघंही गाड्यांवर बसून चाललेत."

दादा खूश. "म्हंजे माझ्या रक्तात पोलीस चौकी हाय."

"पुढचं ऐका. हा राखण्या बिडीने मरगळतो. वयानेही थकतो. आणि रिपोर्टात जो आकडा आहे ना, तो गाड्या मोजतो. गाडीवर कोण बसलंय, जागा आहे की झोपलाय, ते नाही मोजत."

"मंग ते मोजा."

"ते इथे कुठे होत नाही. मोठ्या संशोधनाच्या ठिकाणी करतात. आणि हृदयाच्या दुखण्यात त्याचा वाटा नेमका किती, यावर मोठे मोठे लोक अजून भांडतायत. म्हणून सांगते, बिडी सोडा आणि हातात मोजे घालून उतरा."

दादा मान डोलवत उठला. बाहेर येऊन त्याने आधी बिडी पेटवली आणि मला म्हणाला, "बाई लई हुशार हाय. काय बोलली, राखण्या!" मी म्हटलं, बिडीबद्दलही बोलली. तो म्हणाला, "ते समदेच बोलत्यात. राखण्याचं कुनी बोललं न्हवतं."

त्यानंतर राखण्या सगळ्या बिऱ्हाडांवर पसरला. बुडवणीच्या दिवशी दादा खड्ड्यात उतरायच्या आधी दंडावर थाप मारून सांगायचा, "बीडच्या डॉक्टरनीनं सांगितलंय. आपल्या रगतात राखण्या हाय." हळूहळू त्यात भर पडत गेली. शेवटी शेवटी गोष्ट अशी झाली होती की दादाच्या रक्ताची बाटली मुंबईला नेली आणि तिथल्या साहेबांनी तिला हार घातला. थापा मारण्याची आमच्या घराण्याला खोडच आहे, आणि त्यात दादा माझा थोरला.

मागच्या कार्तिकात तलवाड्याच्या शिवारात बुडवणी होती. साडूचाच कळप. म्हणून मीही सुट्टीच्या दिवशी गेलतो. माझं काम ठरलेलं, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून पाव्हण्यांशी गप्पा मारायच्या. लागणाऱ्यांची आमची पंगत.

उन्हं वर येईपर्यंत अर्धा कळप झाला. मग दादाचा हात थांबला. एक मेंढी त्याने धरली, बुडवली आणि तशीच धरून उभा राहिला. ती पाण्यात धडपडायला लागली तेव्हा वरच्यांनी ओरडून सोडवली. दादाने कपाळ पुसलं. मी लांबून पाहिलं, त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं आणि घाम असा गळत होता की औषधाचं पाणी कुठलं आणि घाम कुठला ते कळेना. मग तो वाकून ओकला, तिथेच, खड्ड्यात.

सगळी माणसं गप्प झाली. मेंढरंसुद्धा गप्प झाली असं मला वाटतं, पण माझ्यावर भरवसा ठेवू नका. आणि त्या गप्पपणात माझ्या शेजारी बसलेले पाव्हणं उठून उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून इतक्या वर्षांचं आवळून धरलेलं सुटलं.

"लागलं! दादाला लागलं बे! राखण्या पळाला!"

दोघं-तिघं हसले. हसायचं नसूनही हसले, कारण असं काही होईल हे कुणाच्या स्वप्नात नव्हतं.

दादाने वर पाहिलं. त्या नजरेत दुखणं होतं, पण दुखण्याच्या वर दुसरंच काहीतरी होतं. "ऊन लागलंय," तो म्हणाला. "लोटा पुढचं."

त्याने आणखी मेंढरं बुडवली. किती ते मला सांगता येणार नाही. मला प्रत्येक मेंढरू एकेका वर्षासारखं वाटत होतं. उजव्या हातानेच बुडवत होता. डावा हात पोटाशी धरलेला. मी वाऱ्याची पर्वा सोडून खड्ड्याच्या काठाशी गेलो.

"दादा, वर ये. डावा हात दुखतोय ना?"

"गप ऱ्हा. तू लांब हो, तुला लागंल."

"छातीत काय होतंय?"

"मेंढरानं लाथ मारली."

कोणत्याही मेंढराने लाथ मारली नव्हती. मी लॅबमध्ये रोज अशी माणसं बघतो. डाव्या हाताची, घामाची, राखेच्या रंगाची माणसं. ती येतात तेव्हा बाई मला रक्त नंतर काढ म्हणतात आणि आधी फोन लावतात. मला कळलं होतं की हे औषध नाही. पण हे ओरडून सांगायची सोय नव्हती. कारण जमलेल्या पन्नास डोळ्यांसमोर दादा वर आला असता तर त्याचा एकच अर्थ होता. लागलं. आणि दादा त्या अर्थापेक्षा खड्ड्यात उभा राहून मरायला तयार होता. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही.

वहिनी चुलीपासून उठून आली. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. हळूच म्हणाली, "भावजी, काय बी करा. ह्यांला न्या."

आयुष्यात मी हजार थापा मारल्या. बहुतेक सगळ्या फुकटच्या. एवढी एकच थाप अशी मारली जिच्यावर काही अवलंबून होतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "दादा, अरे राहिलंच! डॉक्टरीणबाईंनी निरोप दिलाय. त्यांच्याकडे मोठे साहेब आलेत बाहेरून. तुझ्या रक्तातला राखण्या बघायचाय त्यांना. बुडवणीच्या दिवशी, अंगाला औषध असतानाच रक्त पाहिजे म्हणतात. एकदा धुतलं की तो झोपतो. आत्ताच्या आत्ता चल."

दादाने माझ्याकडे बघितलं. तो थापाड्यांचा बाप. त्याला कळलं की नाही हे मला आजही ठरवता येत नाही. पण तो म्हणाला, "साहेब थांबलेत?"

"गाडी लावून थांबलेत."

"मंग जायाला पायजे." त्याने वरच्यांकडे पाहिलं. "पाव्हणं, उरलेली मेंढरं येऊन बघतो. पाणी टाकू नका, औषध महाग असतंय."

चौघांनी त्याला वर ओढला. वहिनीने तिथल्या तिथे दोन घागरी त्याच्या अंगावर ओतल्या; "धू नको म्हनला ना त्यो," असं कुणीतरी बोललं, पण तिने ऐकलं नाही. दूधवाल्याचा पिकअप होता, त्यात मागे घोंगडं टाकून दादाला आडवा केला. मी आणि वहिनी त्याच्याजवळ. तलवाडा ते गेवराई हा रस्ता मी खूपदा गेलोय. त्या दिवशी त्या रस्त्यावर जितके खड्डे होते तितके अख्ख्या मराठवाड्यात नसतील. प्रत्येक खड्ड्याला दादा दात आवळायचा आणि विचारायचा, "साहेब गेले तर न्हाई ना रे?"

गेवराईतल्या पहिल्या दवाखान्यात शिरलो तर अंगाचा वास आमच्या आधी आत गेला. तरुण डॉक्टर. नाक मुरडून विचारलं, "फवारणीचं विष?"

आडवा पडलेला दादा मान उचलून म्हणाला, "मला लागत न्हाई."

"सगळे तेच म्हणतात काका."

"मी समदे न्हाई."

डॉक्टरने बॅटरी घेऊन त्याचे डोळे बघितले. औषध लागलेल्या माणसाच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते. दादाच्या बाहुल्या ठीक होत्या, तोंड कोरडं. डॉक्टरच्या चेहऱ्यावरचा कंटाळा गेला. छातीला वायरी लावल्या, मशीनमधून कागदाची पट्टी निघाली. ती बघून त्याने पळत गोळ्या आणल्या, दादाला चावायला लावल्या आणि मला म्हणाला, "औषध नाही हे. हार्ट आहे. मोठा अटॅक. केव्हापासून दुखतंय?"

वहिनीने तोंडाला पदर लावला. आणि माझा भाऊ हसला. खरंच हसला. घरात मुलगा झाल्याची बातमी यावी तसा चेहरा. "बघ बारक्या! औषध न्हाई!" म्हणाला. "फोन लाव."

"कुणाला?"

"पाव्हण्याला. लाव म्हंतो ना."

बीडला न्यायला अँब्युलन्स यायची होती, पण फोन लागेपर्यंत तो ऐकेचना. मी फोन लावून त्याच्या कानाशी धरला. त्याचा आवाज कागदासारखा झाला होता, पण ऐट तीच. "पाव्हणं? हार्ट हाय म्हनत्यात. डॉक्टरनं मशीन लावून बघितलं. औषध न्हाई. समद्यांला सांगा. ऐकू आलं का? औषध न्हाई." पलीकडून काहीतरी बोलणं झालं. दादा म्हणाला, "रडता कावून बे? मेलो का मी?"

बीडला पोचेपर्यंत ऑक्सिजनची नळी नाकात होती. मोठ्या दवाखान्यात त्याला आत घेतलं तेव्हा पहिलं काम रक्त काढण्याचं झालं. सुई टोचताना त्याने मला शोधलं. "राखण्या निघतो का बघ," म्हणाला. त्यानंतर त्याचा माझ्याशी शब्द नाही. दिवस मावळायच्या आत डॉक्टर बाहेर आले. ते म्हणाले, दोन-तीन तास आधी आणलं असतं तर. मग वाक्य तिथेच सोडून दिलं. ते दोन-तीन तास दादा कुठे उभा होता ते मला माहीत होतं.

वहिनी बाकावर बसली होती. रडली नाही. तिने विचारलं, "भावजी, रगतात निघाला का त्यो?"

माझ्याकडे थापांची काय कमी. म्हणालो असतो, निघाला, केवढा तरी निघाला, साहेबांनी हार घातला. जीभ उचललीसुद्धा. पण तिच्या हाताला अजून औषधाचा वास येत होता.

"वहिनी, ते इथं कुठं तपासतच नाहीत. कुणालाच माहीत नाही. असेल, नसेल. असून बिडीनं मारला असेल."

"आन् साहेब?"

"साहेब नव्हते."

"माज्या बी ध्यानात आलतं." मग वहिनी म्हणाली, "लोकाला काय सांगायचं?"

"हार्ट. तेच आहे."

"हार्ट सांगितलं की औषध सुटलं. परत उघडेच उतरतील समदे." तिने हे कुणावर चिडून म्हटलं नाही. हिशोब मांडावा तसं म्हटलं.

सकाळी दूधवाल्याचा तोच पिकअप बीडला बोलावून आम्ही दादाला घेऊन तलवाड्याच्या शिवारात परत आलो. त्याचा सगळा गोतावळा तिथेच होता. लांबूनच मला उतारावर मेंढरं दिसली. ओली, अंग झाडणारी. निम्मा कळप. आदल्या दिवशीची उरलेली मेंढरंही बुडवून झाली होती, आणि ती वाळलेली नव्हती, म्हणजे आत्ताच.

गाडी थांबली तशी माणसं गोळा झाली, बायांनी हंबरडा फोडला. गर्दीतून पाव्हणं आले. उघडे, कमरेपर्यंत ओले. चालताना पाय दुसऱ्याच्या मालकीचे असल्यासारखे पडत होते. "साडू," ते गाडीच्या फळीला धरून दादाला म्हणाले, "तुमचं काम पुरं केलं. पाणी वाया घालवलं न्हाई. तुमी म्हनला ना, औषध न्हाई. हार्ट हाय म्हनला. मग मीच उतरलो. काल मी लई वंगाळ बोललो. बघा, मला बी लागलं न्हाई." त्यांच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सगळ्यांना वाटत होतं की ते रडतायत.

मी त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. बाहुल्या नव्हत्याच जवळजवळ. मोहरीचे दाणे.

"लागलंय ह्यांना," मी ओरडलो. "पाणी आणा! साबण आणा!"

कुणी हललं नाही. मयत दारात आलेली. आमच्यात मयत आली की आधी तिचं करायचं, तिला अंघोळ, तिला नवं वस्त्र. चुलीवर त्यासाठीच पाणी तापत ठेवलं होतं. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एकजण म्हणाला, "आदी ह्येचं उरकू दे, मग बघू."

वहिनी गाडीतून खाली उतरली. आदल्या दिवसापासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. तिने चुलीवरची घागर स्वतः उचलली, त्यात गार पाणी घातलं आणि ती पाव्हण्यांच्या डोक्यावर रिकामी केली.

"ह्याला आदी धुवा," ती म्हणाली. "त्यांला आता घाई न्हाई."

मग माणसं हलली. तिच्या बहिणीने साबण आणला. तिघांनी पाव्हण्यांना खाली बसवलं, ओलं धोतर फाडून काढलं, आणि वहिनी त्यांची मान, काखा, पाठ अशी घासत होती की कातडी निघेल. ते लहान लेकरासारखे "न्हाई लागलं, न्हाई लागलं" म्हणत ओकत होते. मयतीसाठी तापवलेलं सगळं पाणी त्यांच्यावर संपलं. त्याच पिकअपमधून दादाला उतरवून बाजेवर ठेवला आणि त्याच घोंगड्यावर पाव्हण्यांना घालून गाडी गेवराईकडे पळवली. बाटली सोबत द्या, डॉक्टरला दाखवा, एवढं मी ओरडून सांगितलं.

चुलीवर दुसरं पाणी चढवलं. सरपण ओलं होतं. दादाला उचलायला दुपार झाली.